धामणबांधची उलटी दवंडी

धामणबांधच्या भैरवनाथाच्या मंडपात उजव्या खांबाला तांब्याचे एक पात्र टांगलेले आहे. दोन ओंजळी पाणी मावेल एवढेच, पातळ पत्र्याचे, आणि बुडाला बारीक भोक. देवळातल्या बाकी सगळ्या वस्तूंना हळदकुंकू लावलेले असते. घंटेला, समईला, उंबऱ्याला, अगदी विजेच्या मीटरच्या पेटीलासुद्धा. या पात्राला लावत नाहीत. बाहेरगावची एखादी बाई सवयीने बोट पुढे करते, तेव्हा केरबा गुरव बसल्या जागेवरून म्हणतात, "बाई, तेवढं सोडून."

मग ती बाई कारण विचारते आणि केरबा सांगू लागतात. त्यांचे वय आता शहात्तर आहे. ही हकीकत त्यांना त्यांच्या आजीने सांगितली, तिला तिच्या सासूने. ते ती सावकाश सांगतात. पण काही ठिकाणी त्यांचा आवाज चढतो, आणि इतक्या वर्षांनीही तो खाली येत नाही.

सुरुवात ते नेहमी एका शब्दापासून करतात. एखाद्यावर आळ यावा आणि तो खोटा ठरावा, याला कोर्टात 'निर्दोष मुक्तता' म्हणतात. धामणबांधला तेवढ्याने भागत नाही. तालुक्याहून निकालाचा कागद घेऊन आलेल्या माणसालाही गाव विचारते, "ते झालं. उलटी दवंडी झाली का?" माफ झाला म्हटले तर चूक होती असा अर्थ होतो. सुटला म्हटले तर धरण्यासारखे काहीतरी होते असे वाटते. उलटी दवंडी झाली म्हणजे मुळात काही नव्हतेच, आणि ज्याने 'आहे' म्हटले तो खोटा होता.

किती पिढ्या झाल्या हे कोणी मोजलेले नाही. तेव्हा नदीवर दगडमातीचा बांध होता आणि त्यातून निघालेला एक पाट गावच्या शिवारातून शेवटपर्यंत जात होता. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या होत्या. घड्याळ नव्हते, म्हणून पाळी या पात्रावर मोजत. देवळाच्या ओट्यावर पाण्याने भरलेले मोठे घंगाळ असे आणि त्यात हे पात्र रिकामे सोडत. भोकातून पाणी आत शिरे, पात्र हळूहळू भरे आणि बुडे. ती एक घटका. पात्र बुडाले की पितळी थाळी वाजवायची आणि पात्र पुन्हा वर सोडायचे. कोणाच्या शेताला सहा पात्रे, कोणाच्या शेताला आठ. थाळी ऐकून पाटकरी पाणी वळवी. दिवे लागायच्या वेळी पाटाचे दार बंद करून रात्रभर बांध भरू देत. अशाने पाण्याचा एक फेरा सोळा दिवसांत पुरा होत असे.

पात्राजवळ बसायचे काम गुरवाचे. तेव्हाचा गुरव लिंबाजी. त्याची नजर अधू झाली आणि पुढे दिसेनासेच झाले, तेव्हा त्याची बायको राही त्या जागी बसू लागली. एक डोळा घंगाळावर ठेवून ती मांडीवर पळसाची पाने घेई आणि पत्रावळी लावी. तिचा हात असा बसलेला होता, असे सांगतात, की एका पात्राला बरोबर बारा पत्रावळी होत. बाराव्या पत्रावळीची शेवटची काडी टोचायची आणि पात्र बुडायचे. लिंबाजी ओट्याच्या कडेला बसून काड्या सोलून देत असे.

या पात्राला गाव देव मानत होते. पाणी वाटणारे ते, देव मानायचेच. दर रविवारी त्याची पूजा होई आणि पूजेचा मान पाटलाच्या घरचा होता. तेव्हा पाटील होते दावजी. त्यांच्या घरची बाई तेलात कालवलेले गंध आणि हळदकुंकू आणी आणि पात्राच्या बेंबीला, म्हणजे त्या भोकाभोवती, बोटाने लावी. एका रविवारचे गंध काही नव्हते. पण रविवारामागून रविवार गेले, वर्षे गेली, आणि कोणी ते कधी खरवडले नाही.

एका हिवाळ्यात राहीच्या लक्षात आले की एका पात्राला तेरा पत्रावळी होऊ लागल्या आहेत. तिला वाटले हात चपळ झाला असेल. पुढे चौदा होऊ लागल्या. मग ती पाटलांच्या दारी गेली.

"पाटील, पात्र जड चालतंय. बेंबीत गंध साचलंय. चिंच लावून एकदा घासून काढते."

दावजी पाटील म्हणाले, "देवाला घासत्यात का कुठं? गंध पुसणं म्हंजी देवाचं कपाळ पुसणं. आमच्या आईनं लावलंय ते, आजीनं लावलंय. तू पुसणार?"

"कपाळ न्हाई पुसत. भोक मोकळं करते."

"राही, बसायला सांगितलंय तिथं बस."

ती परत आली. हे बोलणे झाले तेव्हा तिथे पाटील होते, त्यांची बायको होती आणि राही होती. चौथे कोणी नव्हते. केरबा इथे थांबतात आणि ऐकणाऱ्याकडे बघतात, कारण पुढचे सगळे यावर आहे.

पात्र उशिरा बुडते म्हणजे प्रत्येक पाळी लांबते. पाटाच्या तोंडाशी ज्यांची शेते त्यांना हे जाणवले नाही. उलट त्यांचा गहू माना वर काढून उभा राहिला. पाटलांचे शेत अगदी तोंडाशी होते. मात्र शेवटच्या शेतांना सोळाव्या दिवशी मिळणारे पाणी एकोणिसाव्या दिवशी येऊ लागले. ओंबी दुधात असताना तीन दिवस म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. शेवटच्या सात-आठ शेतांतला गहू दाणा न भरताच पांढरा पडला. त्यांच्यातला सुभाना म्हणून एक तापट माणूस होता. तो सरळ ओट्यावर आला आणि म्हणाला की गुरवीण पात्राला खालून बोट लावते.

पंच बसले. आळ असा होता, की तोंडाकडच्या शेतांचे पाणी वाढावे म्हणून राही पात्र अडवून धरते आणि त्यांच्याकडून तिला धान्य पोचते. तोंडाकडच्यांनी शपथा घेतल्या की आम्ही काही दिले नाही. तेव्हा सगळ्यांच्या नजरा एकट्या राहीकडे वळल्या.

ती म्हणाली, "मी बोट लावलं न्हाई. पात्राला आधी बारा पत्रावळी व्हायच्या, आता चौदा हुत्यात. बेंबीत गंध साचलंय. हे मी सांगितलं व्हतं."

सुभाना म्हणाला, "आता आमी तुझ्या पत्रावळीवर गहू पिकवायचा का?"

लोक हसले. कोणी म्हणाले, "हात चपळ झाला आसंल वहिनींचा. गावात बारशाच्या जेवणावळींची गडबड व्हती न्हवं." आणखी हसले. एका पंचाने विचारले, "कुणाला सांगितलं व्हतंस?"

राहीने पाटलांकडे पाहिले. तिने नाव घेतले नाही. तिला वाटले असेल, माणूस समोर बसला आहे, स्वतः बोलेल. दावजी पाटील गप्प बसले. त्यांनी तोंड उघडले असते, तर त्यांच्या घरच्या पूजेवर बोट आले असते, आणि त्यांच्या शेतात पाणी जास्त का गेले हेही उघड झाले असते. ते खाली मान घालून जमिनीवरची काडी उचलत राहिले. पंचांनी पुन्हा विचारले. मग तिने नाव घेतले. पाटील म्हणाले, "मला काय आठवत न्हाई बा."

केरबांचा आवाज इथे चढतो. ते म्हणतात, सुभानाचे मी समजू शकतो. त्याचा गहू गेला होता, तो आंधळा झाला होता. पण हा डोळस होता.

त्याच दिवशी दवंडी फिरली. गावाचा हलगीवाला पाटलांच्या दारातून निघाला आणि एकेचाळीस उंबऱ्यांपुढे थांबून त्याने ओरडून सांगितले, की राही गुरवीण खोटी, तिला कोणी आग देऊ नये, पाणी देऊ नये, तिच्या घरचे काही घेऊ नये. शेवटचा उंबरा तिचाच होता. तिथे येऊन त्याला तिच्या तोंडावर तेच म्हणावे लागले. तो म्हणे खाली बघून म्हणाला.

राही आणि लिंबाजी वेशीबाहेरच्या खोपीत राहू लागले. पात्राजवळ पाटलांचा पुतण्या बसू लागला. लिंबाजीला दिसत नव्हते, त्यामुळे त्याने सगळे फक्त ऐकले होते: हलगी, ओरडणे, लोकांचे हसणे.  मग एकदा काड्या सोलता सोलता त्याने विचारले, "राही, खरं सांग. एकदासुदिक बोट लागलं न्हवतं ना?"

ती म्हणाली, "न्हाई."

तो म्हणाला, "हं."

एवढेच. त्या 'हं'चा अर्थ काय होता हे तिला कधी कळले नाही. त्याच महिन्यात त्याला ताप आला आणि तो गेला. खांद्याला गावातून कोणी आले नाही. तिचा भाऊ आणि दोन भाचे परगावाहून आले. चौथा खांदा तिने स्वतः दिला. तेराव्याला तिने पत्रावळी लावून ठेवल्या. त्यांवर गावातले कोणी जेवले नाही.

इकडे पुतण्याच्या हाताखाली पात्र आणखी जड झाले. पूजा चालूच होती. फेरा विसाव्या दिवसावर गेला आणि सुभाना पुन्हा ओट्यावर आला. या खेपेला आळ पाटलांच्या घरावर आला, तेव्हा मात्र पाटलांनी गावात आलेल्या एका तांबटाला बोलावून पात्र दाखवले. तांबटाने ते उन्हाकडे धरून पाहिले. तो बाहेरचा माणूस, त्याला कोणाची भीड नव्हती. तो म्हणाला, "ह्याला भोक म्हणायचं का मुंगीचा डोळा? आतून लाखेवाणी थर बसलाय. गाव पात्राला जेवायला घालतंय का काय?" त्याने चिंच मागून घेतली, पात्र घासले, आतला पिवळा लाल थर काढून पंचांच्या हातावर ठेवला. हळदीचा वास येत होता.

आता पात्र बरोबर चालते की नाही हे कशावर ताडून पाहायचे? गावात दुसरे माप नव्हते. एकच होते, आणि ते वेशीबाहेर टाकलेले होते. पंच घंगाळ आणि पात्र घेऊन खोपीकडे गेले.

राही म्हणाली, "पाटील, मोजायचं तुमी. माझ्या मोजण्याला किंमत न्हाई." तिने पाने पुढ्यात ओढली. पात्र पाण्यात सोडले. ती घाई करीत नव्हती आणि थांबतही नव्हती. दावजी पाटील मोठ्याने मोजत होते. सगळे गाव उभे होते. बाराव्या पत्रावळीची शेवटची काडी टोचली आणि पात्र बुडाले, असे सांगतात.

 मग पंचांतला वडीलधारा माणूस पुढे झाला. "राहीबाई, गावानं तुला माफ केलं. चल आत."

"माफी चुकीला असती," ती म्हणाली. "माझी चूक सांगा, मग घेते."

"बरं, सोडलं म्हण. आळ सोडला."

"मला दावणीला बांधलं व्हतं का, सोडायला?"

"मग काय पायजे तुला? चोळीबांगडी दिऊ. पात्राचा मान परत तुझा."

"ते ठेवा. जे घराघरात नेलं ते घराघरातनं परत आणा. ज्या वाटंनं दवंडी आली त्याच वाटंनं उलटी जाऊ द्या. माझ्या दारातनं निघायचं आन् पाटलाच्या दारात संपायचं."

हलगीवाला गर्दीतून पुढे आला आणि म्हणाला, "आई, आत्ता जातो." तिने त्याला हाताने थांबवले. "तू न्हाई रं बाबा. तुला सांगितलं ते तू वरडलास. हलगी त्याच्या गळ्यात घाला, ज्यानं तोंड उघडलं न्हाई."

पाटील घरी निघून गेले. पाटलाने हलगी वाजवायची, हे त्या काळात बोलायचीसुद्धा सोय नव्हती. पण दुसऱ्या दिवशी पात्राजवळ बसायला कोणी येईना. पुतण्या म्हणाला, मी नाही. दुसऱ्यांना सांगितले तर तेही म्हणाले, आज तिच्यावर आले, उद्या आमच्यावर. खुद्द सुभाना वेशीबाहेर जाऊन राहीच्या खोपीपुढे जमिनीवर बसला आणि म्हणाला, "गहू माझा गेला, पण जीभ माझी चालली. माझ्याबी गळ्यात घाला." ती म्हणाली, "तुझी पाळी त्याच्यामागं. त्याच्यासंगं चाल आन् आयक." तीन दिवस बांध भरून वाहिला आणि पाट कोरडा राहिला, कारण मोजल्याशिवाय पाणी सोडायला कोणाची छाती होईना. चौथ्या दिवशी सकाळी दावजी पाटील हलगीवाल्याच्या दारी गेले आणि त्यांनी हलगी मागून घेतली.

त्यांना ती वाजवता येत नव्हती. हलगीवाल्याने गळ्यात अडकवून दिली, काडी कशी धरायची ते दाखवले. तरी थाप वाकडीच पडत होती. राहीच्या बंद घराच्या उंबऱ्यापुढून ते निघाले. मागे सुभाना, त्याच्या मागे राही. प्रत्येक दारात एकच वाक्य म्हणायचे होते: "राही गुरवीण खरी. खोटं माझं व्हतं." आणि घरातल्याने म्हणायचे, "ऐकलं."

मधल्या आळीत गोजरा म्हणून एक म्हातारी होती. ती म्हणाली, "पाटील, कान गेल्यात माझं. काय म्हनलात?" पाटलांनी पुन्हा सांगितले. "आता आलं जरासं. कोण खरी म्हनलात?" तिसऱ्यांदा सांगितले. तेव्हा ती म्हणाली, "ऐकलं. पयल्यांदाच ऐकलं व्हतं. त्या दिवशी त्यो हलगीवाला वरडला ते बी माझ्या कानानं नीट ऐकलं व्हतं."

असे चाळीस उंबरे झाले. एकेचाळिसावा पाटलांचा स्वतःचा. दारात त्यांची बायको उभी होती. त्यांनी हलगीवर काडी मारली आणि म्हणाले, "राही गुरवीण खरी. खोटं माझं व्हतं." बायको काही बोलेना. पाटलांनी वाट पाहिली. मग त्यांनी आपणहून पुढचे म्हटले, जे कोणी त्यांना म्हणायला सांगितले नव्हते. "तिनं मला सांगितलं व्हतं. मला आठवत व्हतं."

तेव्हा बायको म्हणाली, "ऐकलं. मी तवाबी ऐकलं व्हतं."

पाटील हलगी गळ्यातून काढू लागले. राही म्हणाली, "राहू द्या. एक राहिलं."

"एकेचाळीस झाले."

"माझ्या घरात दोन माणसं व्हती. एकाला ठावंच व्हतं. दुसऱ्यानं पुसलं आन् त्याला आयकायला मिळालं न्हाई."

ती नदीकडे चालू लागली. पाटील मागे गेले, सुभाना गेला, मग सगळे गाव. लिंबाजीला जिथे जाळले होते तिथे ती थांबली आणि तिने बोटाने जागा दाखवली. पाटलांनी हलगी वाजवली. ते वाक्य म्हटले. नदीच्या पात्रात वारा सुटलेला होता आणि बांधावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. 'ऐकलं' म्हणायला कोणी नव्हते.

बऱ्याच वेळाने पाटील म्हणाले, "आता?"

राही खाली बसली. कमरेला बांधून आणलेली पळसाची पाने तिने सोडली आणि ती पत्रावळी लावू लागली. "बारा हुईस्तवर हुबं ऱ्हावा," ती म्हणाली. "एक घटका. त्याला उशिरानं कळायचं. डोळं गेल्यापासनं त्यो प्रत्येक गोष्ट दोनदा घोळवायचा."

त्या बारा पत्रावळी तिने काय केल्या, हे सांगत नाहीत. पात्राजवळ ती पुन्हा बसली, आणि मरेपर्यंत बसली. पण पात्राला गंधाचे बोट कोणी लावायचे नाही ही अट घालून. पाटलाच्या घरचा रविवारचा मान तेव्हापासून बंद झाला.

बांध आता सिमेंटचा आहे आणि पाण्याच्या पाळ्या फलकावर लिहितात. दवंडीही राहिलेली नाही. भोंग्याची गाडी फिरते. उलटी दवंडी मात्र हलगीवरच होते, आणि ती ज्याने आळ घेतला त्यालाच द्यावी लागते. केरबांनी डोळ्यांनी पाहिलेल्या अशा चार आहेत. शेवटची ग्रामपंचायतीच्या शिपायाची होती. पाणीपुरवठ्याची मोटर चोरल्याचा आळ त्याच्यावर होता. कोर्टाला निकाल द्यायला नऊ वर्षे लागली. दरम्यान त्याची आई गेली. आळ घेणारा तेव्हाचा सरपंच होता. तो म्हणाला, कोर्टाने सोडले ना, मग आता माझे काय काम? केरबा सांगतात, मी त्याला एवढेच म्हटले की कोर्टाच्या पायरीवर तुझी जीभ गेली नव्हती, ती आमच्या आळीतून गेली होती. त्याला यायला दोन महिने लागले. आला.

आळ येऊन तो फिटेपर्यंत त्या घरातले कोणी मेले असेल, तर आजही उलटी दवंडी शेवटच्या उंबऱ्यावर संपत नाही, नदीवर जाते. आळ घेणारा हलगी गळ्यात ठेवून उभा राहतो आणि एक बाई समोर बसून बारा पत्रावळी लावते. जेवणावळीला आता कागदाच्या ताटल्या असतात. पत्रावळी लावता येणाऱ्या गावात दोनच बाया उरल्या आहेत. दोघींचीही सत्तरी उलटली आहे, बोटे आखडली आहेत, आणि बारा पत्रावळी व्हायला कधी कधी पाऊण तास लागतो. त्यांना कोणी घाई करत नाही.